वही कोणाच्या हाती?

गेल्या रविवारी आमच्या घोडेगावात जयंतीच्या तयारीची बैठक झाली. मंडप, डीजे, मिरवणूक यांचा हिशेब चालला असता महिला मंडळाच्या शिलकीचा विषय निघाला. मार्केटात कांदा निवडायला जाणाऱ्या आमच्या भगिनी दरमहा पन्नास-पन्नास रुपये जमा करतात. ते पैसे मिरवणुकीला द्यावेत असे काहींचे म्हणणे पडले. तेव्हा मागे बसलेल्या एक आजी उठल्या.

"बाबांनो, त्या पैशावर पोरीचं नाव हाय. बारावी झाली, नगरला नर्सिंगला जायचंय. आधी तिच्या राहण्याचं बघा, वाजवायचं मागून बघू."

बैठक गप्प झाली. आम्ही पडलो कारकून, पावतीपुस्तक आमच्याच हाती. पण आम्हालाही हे सुचले नव्हते.

आजींनी सांगितले ते चळवळीला नवीन नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. सुमारे २५ हजार स्त्रिया आल्या होत्या. मुलांना शिकवा, असे बाबासाहेबांनी त्यांना सांगितले. पाच वर्षांनी देश स्वतंत्र झाला. १९५० साली संविधान आले, समतेचा हक्क कागदावर आला. पण कागदावरचा हक्क आपल्या पायांनी चालत वस्तीत येत नाही. तो कोणीतरी आणावा लागतो.

नाशिकच्या शांताबाई दाणी अशा आणणाऱ्यांपैकी होत्या. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या त्या कार्यकर्त्या. १९४६ च्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यातही त्या पुढे होत्या. पडीक जमीन भूमिहीनांना मिळावी यासाठी त्या वेळी आपल्या कित्येक आयाबहिणी लेकरे कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या. १९६८ ते १९७४ शांताबाई विधान परिषदेच्या सदस्य होत्या. पण आम्हाला त्यांचे मोठेपण दुसऱ्याच गोष्टीत दिसते. नाशिकला रमाबाई आंबेडकरांच्या नावाने त्यांनी मुलींचे वसतिगृह चालवले. भाषण एका दिवसात होते. वसतिगृहाला मात्र रोज धान्य लागते, रोज हिशेब लागतो.

अशा अनेक कार्यकर्त्या होऊन गेल्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी त्यांच्या भेटी घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली काढले, म्हणून त्यांची नावे तरी उरली. आपल्या गावच्या सत्याग्रही आयांची नावे कोणी लिहिली आहेत काय? आमच्या गावातही ती कोणी लिहून ठेवलेली आम्हाला आढळली नाहीत.

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. जयंती व्हावीच, आनंदाने व्हावी. पण महिला मंडळाचा पैसा महिला मंडळाच्याच खात्यात, दोन भगिनींच्या सहीने राहावा आणि पहिला खर्च त्या मुलीच्या राहण्याचा व्हावा, असा ठराव आम्ही मांडणार आहोत. मंडळातले काही मित्र रागावतील. रागावोत.

वाचकहो, आपल्याही वस्तीत एकदा विचारा, वही कोणाच्या हाती आहे? आणि घरात म्हातारी आजी असेल तर आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा, तिने काय काय पाहिले ते लिहून घ्या.

जयभीम!