रेंडर लावला आहे

पूर्वी घरोघरी "दूध तापत ठेवले आहे" हे जितक्या सहजपणे म्हटले जाई, तितक्याच सहजपणे आता "रेंडर लावला आहे" असे म्हटले जाते. फरक एवढाच की दूध उतू जाण्याची धास्ती असे. रेंडर उतू जात नाही, तो रात्रभर सदतीस टक्क्यांवर बसून राहतो. मुंजीचे, लग्नाचे, गणेशोत्सवातील नाटकाचे चित्रण मोबाइलवर करून त्याची जोडणी घरच्याच संगणकावर करणारी मुले-मुली आता गावोगाव आहेत. चित्रण तासाभरात होते, जोडणी चार संध्याकाळी चालते, आणि शेवटी ते सारे एकसंध करून बाहेर काढण्याच्या वेळी, म्हणजे मुलांच्या भाषेत एक्सपोर्टच्या वेळी, सगळे घर ताटकळते. हा वेळ जातो कोठे आणि तो कमी कसा करता येईल, याविषयी या खेपेस लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

त्याला निमित्तही घडले. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमचा बालाघाट जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. त्या काळात रेल्वेत, जंगलखात्यात, भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत किंवा शाळांतून नोकरीनिमित्त अनेक मराठी कुटुंबे वैनगंगेच्या काठी येऊन स्थिरावली. ते दिवस लहानपणी का होईना, पण डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांच्या आठवणी चित्रित करून ठेवाव्यात असे इथल्या मंडळाच्या तरुणांनी ठरविले. पंचाऐंशी ओलांडलेल्या एका आजींचे बोलणे त्यांच्या नातीने थोडेथोडे करीत सहा तास टिपून घेतले. आजींची दृष्टी दिवसेंदिवस मंदावते आहे. दिसते आहे तोवर त्यांनी ते स्वतः पडद्यावर पाहावे ही घरच्यांची इच्छा. संगणक मात्र जुना. त्याने एक्सपोर्टला चौदा तासांचा अंदाज दाखविला, आणि दोन वेळा मध्येच वीज गेल्याने सारे मुसळ केरात गेले. मग मंडळाच्या बैठकीत, ठेवीची रक्कम मोडून नवा संगणक घ्यावा, अशी सूचना पुढे आली. ठेव मोडण्याआधी वेळेचा हिशेब मांडून पाहू, असे आम्ही सुचविले. तो हिशेब असा.

हल्लीच्या नेहमीच्या चित्रणातील एक चौकट १९२० ठिपके रुंद आणि १०८० ठिपके उंच असते, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले, तर एका चौकटीला सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चौकटी या हिशेबाने तासाभराच्या ९०,००० चौकटी होतात, आणि त्या जशाच्या तशा साठवायच्या म्हटल्या तर सुमारे ५६० जीबी जागा हवी. प्रत्यक्षात मोबाइल तेच तासभराचे चित्रण चार ते आठ जीबीत मावते करतो. हे कसे साधते, ते कळले की विलंबाचे निम्मे कोडे सुटते.

दुकानदाराची रोजकीर्द आठवावी. तो दर पानावर दुकानातील सगळ्या मालाची नव्याने यादी करीत नाही. एकदा शिल्लक मांडतो आणि पुढे फक्त आले-गेले तेवढेच लिहितो. पान संपले की "मागील पानावरून पुढे चालू". मोबाइल हेच करतो. एखादी चौकट तो पूर्ण लिहितो, आणि तिच्यापुढच्या पुष्कळशा चौकटींत केवळ काय बदलले तेवढ्याचीच नोंद ठेवतो. आजी खुर्चीत बसून बोलत असतील, तर मागची भिंत दर वेळी लिहिण्याचे कारण नाही. हललेले ओठ आणि हात पुरेत. २००३ मध्ये मान्य झालेली 'एच. २६४' ही पद्धत आणि २०१३ ची 'एचईव्हीसी' ही तिची अधिक काटकसरी धाकटी बहीण, दोन्ही याच तत्त्वावर चालतात. जागा वाचते खरी, पण मधल्याच एका तारखेची शिल्लक विचारली तर मुनिमाला मागच्या पूर्ण शिलकेपासून बेरीज-वजाबाकी करीत यावे लागते. जोडणी करताना आपण हेच करतो: मधूनच एक वाक्य कापतो, मागे जातो, पुढे जातो. दर वेळी संगणकाला आकडेमोड करून चौकट पुन्हा उभी करावी लागते, आणि चित्र अडखळू लागते. शेवटी एक्सपोर्टच्या वेळी सगळ्या चौकटी उलगडून, त्यांवर रंग, अक्षरे वगैरे संस्कार करून, पुन्हा नवी रोजकीर्द लिहायची असते. हे अखेरचे लिहिणेच सर्वांत कष्टाचे.

येथे दोन निरनिराळ्या दुखण्यांची गल्लत होते, ती टाळली पाहिजे. जोडणी करताना अडखळणे हे एक, आणि एक्सपोर्टला वेळ लागणे हे दुसरे. पहिल्यावरचा उपाय चित्रपटसृष्टीने फार पूर्वीच शोधला होता. मूळ निगेटिव्हला कोणी हात लावीत नसे. तिची एक साधी प्रत काढून संकलक ती मूव्हिओला किंवा स्टीनबेक यंत्रावर फिरवी, कापी, चिकटवी, खराब करी. सारे मनासारखे जमले की त्या बरहुकूम निगेटिव्ह एकदाच कापली जाई. पुण्यात प्रभातच्या जुन्या स्टुडिओत १९६० साली सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या याच शिस्तीत तयार झाल्या. आजच्या सॉफ्टवेअरमधील 'प्रॉक्सी' म्हणजे हीच कामाची प्रत. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही विनामूल्य सॉफ्टवेअर असोत की डाविंची रिझॉल्व्ह, प्रीमियर यांसारखी मोठी, सर्वांत ही सोय आहे. ती लावली की संगणक मूळ चित्रणाच्या लहान, हलक्या प्रती तयार करतो, जोडणी त्या प्रतींवर चालते, आणि एक्सपोर्टच्या वेळी मूळ चित्रण आपोआप वापरले जाते. जुना संगणक टाकून देण्याच्या गोष्टी बोलणाऱ्यांनी आधी हा एक पर्याय लावून पाहावा. आजींच्या नातीचे अर्धे हाल येथेच संपले.

दुसरे दुखणे गेजचे. आमच्या भागातील वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूर ही अडीच फुटांची छोटी लाइन होती तोवर मुंबई-हावडा मार्गावरून आलेला माल गोंदियाला उतरवून छोट्या वाघिणींत भरावा लागे. माल तोच, अंतर तेच. वेळ खाई ती ही चढउतार. एकाच जोडणीत सेकंदाला २५ चौकटींचे एक चित्रण, ३० चौकटींचे दुसरे, कोणा भाच्याने हौसेने चौपट ठिपक्यांचे घेतलेले तिसरे, असे मिसळले की संगणकाला दर वळणावर गोंदिया लागते. म्हणून चित्रण करण्यापूर्वीच सर्वांनी एक माप ठरवावे आणि जोडणीचे मापही तेच ठेवावे. मोबाइलचे चित्रण पुष्कळदा एका ठाम वेगाने होत नाही, प्रकाश कमी झाला की तो चौकटींचा वेगही कमी करतो. अशा चित्रणाला आरंभीच एकदा ठराविक वेगात बदलून घेतले तर आवाज आणि ओठ पुढे फारकत घेत नाहीत.

आता प्रत्यक्ष एक्सपोर्ट. हे लिहिण्याचे काम संगणकाचा मुख्य मेंदू करू शकतो, किंवा त्यासाठीच घडविलेला, चिपमध्ये बसविलेला स्वतंत्र भाग करू शकतो. इंटेलचा 'क्विक सिंक' २०११ पासून आणि एनव्हिडियाचा 'एनव्हेंक' २०१२ पासून उपलब्ध आहे. म्हणजे आपल्या घरांतील बऱ्याच संगणकांत असा कारकून नुसता बसून असतो आणि त्याला कोणी काम सांगत नाही. एक्सपोर्टच्या खिडकीत 'हार्डवेअर' या नावाखाली तो पर्याय असतो, तो निवडावा. तासांचे काम पुष्कळदा मिनिटांवर येते. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे: तेवढ्याच आकाराच्या फाइलीत मुख्य मेंदूने सावकाश लिहिलेले चित्र किंचित अधिक नेटके असते. फाइल थोडी मोठी होऊ दिली की हा फरक घरच्या पडद्यावर दिसेनासा होतो. 'दोन फेऱ्यांत' लिहिण्याचा पर्यायही असतो. फाइल नेमक्या ठराविक आकारात बसवायची नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये, त्यात जवळजवळ दुप्पट वेळ जातो.

आणि कित्येकदा नव्याने लिहिण्याची गरजच नसते. आजींच्या चित्रणातून सुरुवातीची खाकरण, मधला चहा आणि शेजारच्यांची ये-जा एवढेच वगळायचे असेल, तर पाने फाडावीत, वही पुन्हा लिहू नये. लॉसलेसकट हे विनामूल्य सॉफ्टवेअर तेवढेच करते: चित्राला धक्का न लावता नको ते कापून टाकते, आणि तासाभराच्या चित्रणाला थोडी मिनिटेही पुरतात. कापण्याची जागा पूर्ण लिहिलेल्या चौकटीपाशी घ्यावी लागते, त्यामुळे सेकंदभर इकडेतिकडे होते, इतकेच.

लुकलुकणारी संक्रमणे, चमकती अक्षरे, फिरून येणारी छायाचित्रे यांचा सोस हे विलंबाचे आणखी एक कारण. पूर्वी एका चित्रातून दुसरे उमटवायचे म्हटले की फिल्म प्रयोगशाळेत पाठवावी लागे, त्यामुळे माणसे विचार करून मोह आवरीत. कापलेले चित्र स्थिर करणे किंवा त्यावरील धान्यासारखे ठिपके घालविणे ही कामे फार जड असतात. ती सहा तासांवर न करता, निवडून उरलेल्या पन्नास मिनिटांपैकी जेथे खरीच गरज आहे तेवढ्याच तुकड्यांवर आणि सर्वांत शेवटी करावीत. एक्सपोर्ट पेनड्राइव्हवर लावू नये. आधी संगणकातील डिस्कवर लावून मग नक्कल करावी. वैशाखात लॅपटॉप गादीवर ठेवून रेंडर लावणाऱ्यांना तर काय म्हणावे! तापलेले यंत्र स्वतःचा जीव वाचविण्यासाठी आपणहून मंद होते. त्याला टेबलावर, पंख्याखाली, विजेच्या जोडणीसह ठेवावे.

यापेक्षाही अधिक वेळ कशात जातो, हे सांगितले तर वाचक हसतील. तो जातो अशुद्धलेखनात. हिंदी कळफलकावर टंकलेली शीर्षके असल्यामुळे आजींच्या चित्रणात 'लग्नाची वेळ' हिची 'लग्नाची वेल' झाली होती आणि 'तो काळ' याचा 'तो काल'. आजींनी खुर्ची पडद्याशी ओढून, पदराने चष्मा पुसून ते पाहिले आणि तिसऱ्या मिनिटाला म्हणाल्या, "अगं, वेल कुठली? मांडवावर चढवलीस का?" सुदैवाने नातीने सगळे एका दमात न काढता दहा-दहा मिनिटांच्या पाच तुकड्यांत काढले होते आणि ते नंतर न बदलता जोडले होते, दुरुस्ती केवळ एकाच तुकड्याची करावी लागली. वीज गेली तरी बुडते ती एका तुकड्याची मेहनत. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी एक्सपोर्टचे बटण दाबण्यापूर्वी 'ळ' तपासून घ्यावा, हा आमच्या मते वेग वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

ठेव मोडली गेली नाही. जुन्या संगणकात एसएसडी बसविली, एक यूपीएस घेतला, आणि वाचलेल्या पैशातून दोन बाहेरच्या डिस्का घ्याव्यात असे ठरले. त्या कशासाठी, असे एका सभासदाने विचारलेच. तयार फाइल आहे, मग सहा तासांचे मूळ चित्रण पुसून जागा मोकळी का करू नये? 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. त्याच्या कच्च्या फिल्मला रात्री अंधारात बसून भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके यांनी केले होते. आज त्या चित्रपटाचा काही भागच उरला आहे. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मची किती तरी रिळे गेली, त्यांत प्रभातचीही होती. तयार फाइल ही पन्नास मिनिटांची निवड आहे. उरलेल्या पाच तासांत आजींनी सांगितलेली माहेरची नावे, पाककृती आणि बालाघाटच्या जुन्या बाजाराचे भाव आहेत, आणि त्यांतले कोणाला कधी लागेल ते आज ठरविता येत नाही. एक डिस्क मंडळाच्या कपाटात राहील. दुसरी नातीच्या घरी.