पेटी निघणार कधी, पोचणार कधी?

बागायतदार बंधूंनो, हापूसची पेटी आता मोबाईलवरून थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकाला विकता येते. पैसे आगाऊ मिळतात. पण ‘दोन-चार दिवसांत पाठवतो’ म्हटले की भांडणाला तोंड फुटलेच! निघण्याची तारीख वेगळी, पोचण्याची वेगळी. दोन्ही लिहा : ‘पेटी ६ मे रोजी निघेल, ८ मेपर्यंत पोचेल. फळ कच्चे आहे, पिकायला वेळ लागेल.’ पावसाने तोडणी लांबली तर त्याच दिवशी नवी तारीख कळवा. थांबणार की पैसे परत हवेत, तेही विचारा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन बाजारातील विक्रेत्याला पाठवणीचा तपशील द्यावाच लागतो. ग्रामपंचायतींनी असा नमुना फलकावर लावावा. गिऱ्हाईक उशीर सोसते, टोलवाटोलवी नाही!