पेनड्राइव्ह जोडला, पण दिसतच नाही!

पेनड्राइव्ह लावताच संगणकातून ओळखीचा आवाज येतो, खाली कोपऱ्यात खूणही उमटते. पण 'धिस पीसी' उघडून पाहावे तर त्याचा पत्ताच नाही! अशा वेळी घरोघरी एकच निदान होते, 'बिघडला वाटतं.' मग कुणीतरी तो दुकानात नेतो, तिथे फॉरमॅट होतो आणि मुंजीचे, डोहाळजेवणाचे सगळे फोटो जातात. पुष्कळदा पेनड्राइव्ह धडधाकट असतो. भांडण असते ते एका अक्षराचे.

विंडोज प्रत्येक ड्राइव्हला एक इंग्रजी अक्षर देते. १९८१च्या आयबीएम पीसीत ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीची होती, १९८३च्या पीसी-एक्सटीमध्ये हार्ड डिस्क आली, तिला सी मिळाले. फ्लॉपी केव्हाच गेली, पण मुख्य डिस्क आजही सीच आहे. नंतर जोडलेल्या वस्तूला पुढचे मोकळे अक्षर मिळते. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र सर्व्हरवरील एखाद्या फोल्डरला एफ किंवा जी असे अक्षर आधीच दिलेले असते. विंडोज एक्सपीमध्ये तर पेनड्राइव्हलाही नेमके तेच अक्षर मिळे आणि तो फोल्डरच्या आड लपून बसे. नव्या विंडोजमध्येही हा घोळ अधूनमधून होतो.

उपाय पाच मिनिटांचा आहे. पेनड्राइव्ह लावलेलाच ठेवा. स्टार्ट बटणावर माउसचे उजवे बटण दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' निवडा. खालच्या भागात 'रिमूव्हेबल' लिहिलेली पट्टी तुमच्या पेनड्राइव्हची. आकारावरून खात्री करून घ्या, ३२ जीबीचा असेल तर आकडा थोडा कमीच दिसेल. त्या पट्टीवर उजवे बटण दाबून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', मग 'चेंज' निवडा. अक्षरच नसेल तर 'अॅड'. आता पी किंवा टी असे दूरचे अक्षर द्या. एक इशारा येईल, 'येस' म्हणा. आतल्या फायलींना धक्का लागत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर ही परवानगी बहुधा नसते, तिथे संगणक विभागालाच सांगा.

त्याच यादीत 'फॉरमॅट' आणि 'डिलीट व्हॉल्यूम' हेही असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. सी या अक्षराला तर हात लावूच नये. पट्टी काळी असेल, 'अनअॅलोकेटेड' किंवा 'रॉ' लिहिलेले असेल, वा 'फॉरमॅट करू का?' असे विचारले जात असेल, तर प्रकरण अक्षराचे नाही. 'कॅन्सल' दाबा आणि दुकानात नेलेत तर आधीच बजावा, 'फायली काढून द्या, फॉरमॅट करू नका.'

दिलेले अक्षर तो संगणक लक्षात ठेवतो. दर रविवारी फोटोंची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवणारा प्रोग्रॅम तुम्ही वापरत असाल, तर त्या डिस्कलाही असेच दूरचे अक्षर द्या. नाहीतर आधी दुसरा पेनड्राइव्ह लागला की तिचे अक्षर बदलते आणि प्रत निघायची राहते. अक्षर बदलल्यावर प्रोग्रॅममध्येही नवे अक्षर घालायला विसरू नका.