ठिपक्यांची रांगोळी आणि एक जुने देणे

दर आठवड्याला या जागी मी विज्ञानाच्या चार गोष्टी सांगतो, तेव्हा जाणत्या माणसाचा आव आणतो. पण आज दिवाळी आहे. सणावारी माणसाने आपली देणीघेणी मिटवावीत असे आमचे वडील म्हणत. माझे एक देणे फार वर्षांचे थकले आहे. ते आज फेडतो.

झाले असे की, आमच्या अकरावीतल्या नातीने यंदा दारात अणू काढायचा बेत केला. आमच्या सौभाग्यवतींनी गोपद्मे सुचवली, लक्ष्मीची पावले सुचवली. पण नातीपुढे आजीचे काय चालणार? मी आपला मध्ये पडलो. म्हटले, "अणू अगदी सोपा. मधोमध एक गोळा, भोवती तीनचार लंबवर्तुळे आणि त्यांवर फिरणारे इलेक्ट्रॉन. सूर्याभोवती ग्रह फिरतात तसे."

"आजोबा, ही तर फार जुनी रांगोळी झाली!" नात म्हणाली.

तिचे खरे होते. नील्स बोहरने इलेक्ट्रॉनला ठराविक कक्षांतून फिरवले ते १९१३ साली. १९२६ साली श्रोडिंजरने इलेक्ट्रॉनसाठी लाटेचे समीकरण मांडले आणि त्याच वर्षी माक्स बॉर्नने त्या लाटेचा अर्थ सांगितला. एखाद्या जागी लाटेची जी उंची असेल तिचा वर्ग करावा; तो जितका मोठा, तितका तेथे इलेक्ट्रॉन सापडण्याचा संभव जास्त. कक्षा गेल्या आणि उरला तो संभवाचा ढग.

हा ढग काढायचा कसा? नातीची युक्ती मला आवडली. समजा, हायड्रोजनचे हजारो अणू घेतले. प्रत्येकात इलेक्ट्रॉन कोठे आहे हे एकदाच पाहिले आणि जेथे सापडला तेथे एक ठिपका दिला. हे सारे ठिपके एकाच चित्रात मांडले की झाली रांगोळी! मध्यभागी दाट, बाहेर विरळ, आणखी बाहेर तुरळक. संगणक नव्हते त्या काळी, १९३१ साली, हार्वे व्हाइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक यांत्रिक नमुना गरगर फिरवून त्याचे फोटो घेतले होते आणि असेच ढग छापून दाखवले होते.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "छान आहे गं, पण हिची कड कुठे?" कड नाहीच, काकू! पुस्तकात गोळा काढलेला असतो तो आपल्या सोयीचा. शंभरांतले नव्वद ठिपके ज्याच्या आत येतील एवढा गोळा घ्यायचा असे सामान्यतः ठरवतात. हायड्रोजनच्या बाबतीत त्याची त्रिज्या बोहरच्या कक्षेच्या २.६६ पट येते. बोहरची कक्षा तरी केवढी? मीटरच्या सुमारे १,९०० कोटीव्या भागाएवढी. त्या कक्षेच्या आत इलेक्ट्रॉन शंभरांत सुमारे ३२ वेळाच सापडतो.

तरी बोहरला अगदीच मोडीत काढू नका. ठिपके केंद्राशी सर्वांत दाट असतात खरे, पण कांद्याचे पापुद्रे आठवा. आतला पापुद्रा चिमुकला, बाहेरचा ऐसपैस. दाटी आणि ऐसपैसपणा या दोहोंचा हिशेब केला, की सर्वांत जास्त ठिपके ज्या पापुद्र्यात भरतात तो नेमका बोहरच्या अंतरावर येतो!

मग नातीने दुसरा ढग काढला. याला 'पी' ऑर्बिटल म्हणतात. डमरूसारखे दोन फुगे, एक केशरी, एक निळा आणि मध्ये कोरी पट्टी. सौभाग्यवती दिवा ठेवायला आल्या आणि थबकल्या.

"अगं, ठिपके इकडे आहेत, तिकडे आहेत, मध्ये एकही नाही. मग तो इकडून तिकडे जातो कुठून?"

माझ्या हातातली पणती हलली. १९८४ साली माझ्या वर्गातल्या एका मुलाने हाच प्रश्न विचारला होता. मी त्याला म्हणालो होतो, "परीक्षेत हे विचारत नाहीत. बस खाली." वर्ग हसला. त्या मुलाने वर्षभरात पुन्हा हात वर केला नाही. मला उत्तर येत नव्हते, एवढीच खरी गोष्ट होती.

उत्तर आमच्याच घरात, कोपऱ्यात उभे होते. सौभाग्यवतींचा तंबोरा! तारेच्या बरोबर मध्यावर बोट अलगद टेकवून तार छेडा आणि बोट उचला. दोन्ही अर्ध्या तारा कंप पावतात, मध्यबिंदू स्वस्थ राहतो. तेथे कागदाची चिमुकली घडी ठेवली तर ती पडत नाही. कंप मधला बिंदू ओलांडतो कसा, असे आपण विचारतो का? दोन्ही बाजू मिळून तो एकच कंप असतो. एक बाजू वर तेव्हा दुसरी खाली. केशरी आणि निळा रंग हेच सांगतात. वर्ग केला की दोन्हींची दाटी सारखीच. 'पी' ऑर्बिटलचे दोन फुगे ही अशीच एक लाट आहे. दोन खोल्यांतून ये-जा करणारी गोळी तेथे मुळात नाहीच. अर्थात तंबोरा हा दाखला झाला. इलेक्ट्रॉन सापडतो तेव्हा तारेसारखा पसरलेला नव्हे, एका जागी अख्खा सापडतो.

आणि या निश्चल जागा केवळ कागदावरच्या नाहीत. २०१३ साली आम्स्टरडॅम येथील संशोधकांनी विद्युत्क्षेत्रातल्या हायड्रोजनच्या अणूंमधून लेसरच्या साहाय्याने इलेक्ट्रॉन मोकळे केले आणि ते पडद्यावर एकेक करून टिपले. असे पुष्कळ ठिपके साठल्यावर उजळ वलये उमटली आणि त्यांच्या मधोमध काळी वलये. लाट जेथे स्वस्थ, तेथे अंधार!

तो मुलगा आज पन्नाशी ओलांडून गेला असेल. कदाचित हा अंक त्याच्या घरी येतही असेल. बाबा रे, तुझा प्रश्न उत्तम होता. त्या दिवशी खाली बसायला हवे होते ते मीच.

संध्याकाळी फुलबाज्या घेऊन धावणाऱ्या पोरांनी रांगोळी विस्कटली. मी ओरडणार, तोच नात म्हणाली, "असू द्या आजोबा. आता तिला खरोखरच कड राहिली नाही!"