पारव्याचे पंख

पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे. घरात तुमच्याआमच्यासारखीच मराठी बोलणारी बेने इस्रायल मंडळी तेथे हिब्रूत प्रार्थना म्हणत आली. आपले पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, असे ती सांगतात. बुडता बुडता वाचलेल्यांची ही कहाणी!

त्यांच्या स्तोत्रसंहितेतले ५५वे स्तोत्र भयाचेच आहे. कवीचे काळीज थरथरते. पारव्याचे पंख मिळाले तर दूर रानात उडून जावे, असे त्याला वाटते. हे सांगताना तो लाजत नाही, याचेच मला अप्रूप वाटते. आपण मात्र घाबरलेल्या पोराला ‘भित्रा’ म्हणून मोकळे होतो!

पुढे कळते, की घाव शत्रूचा नव्हे, जिवलग मित्राचा आहे. पंख काही मिळत नाहीत. मग तो देवाकडे गाऱ्हाणे घालतो : संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी. संध्याकाळ आधी का? यहुदी दिवस सूर्यास्तालाच सुरू होतो. दिवाळीच्या रोषणाईतही ज्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही, त्याने हा क्रम जरूर पाहावा. अंधार पडू लागला, की भय दाटते. पहिली हाक नेमकी त्याच वेळेची आहे.