जवान रंगवायचा तर नाव-गावासह रंगवा



शहीद जवानांची चित्रं चौकातल्या भिंतींवर काढावीत, ही मागणी जबलपूरसारख्या लष्करी शहरात अधूनमधून होतच असते. चित्रांना माझा विरोध नाही. ती ज्या तऱ्हेने उरकली जातात, त्याला आहे. फडकता तिरंगा, बंदूक रोखलेला कुणीतरी तरुण आणि खाली ‘शत शत नमन’. हा पोरगा कोण, कुठला, कोणत्या दलातला? काही पत्ता नाही.

सिहोऱ्याजवळच्या खुडावलचे अश्विनी कुमार काछी 14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवामात शहीद झाले. ते सीआरपीएफचे जवान, लष्कराचे नव्हेत. पेंटरने मोबाइलवर सापडलेला लष्करी गणवेश त्यांच्या अंगावर चढवला, तर चित्र देखणं होईल, पण माणूस भलताच होईल. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन रेजिमेंटची केंद्रं याच शहरात आहेत. टोपीवरचा पांढरा तुरा कुणाचा, हे इथला कुठलाही निवृत्त सुभेदार सांगेल. विचारायला मात्र हवं!

शिवाय भित्तिचित्रं आपल्याला नवी नाहीत. गोलबाजारचं शहीद स्मारक बघा. राज्यघटनेच्या उद्देशिकेचं पान सजवणारे आपले ब्योहार राममनोहर सिन्हा आणि शांतिनिकेतनचे कलावंत यांनी तिथल्या भिंतींवर स्वातंत्र्यलढ्यातले प्रसंग रंगवले. आता ओल धरलेल्या कुंपणाच्या भिंतीवर थेट रंग फासतात. गिलाव्याची डागडुजी नाही, अस्तर नाही. मग पावसाळ्यात पोपडे सुटतात आणि उरलेल्या छातीवर कोचिंग क्लासचं पोस्टर येतं. उद्घाटनाला आलेले पुढारी तेव्हा फिरकत नाहीत.

रायगडमधल्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत लढताना पडले, अवघ्या बाविशीत. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 2023 मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. एवढ्या वर्षांनी, परमुलखात, आणि तेही नावानिशी. मग इथल्या पोराचं नाव लिहायला आपल्याला जागा का पुरू नये?

नगर निगमाला विनंती एवढीच: भिंत देण्याआधी घरच्यांची संमती घ्यावी, नाव, गाव, दल आणि तारीख तपासून घ्यावी, आणि देखभाल कुणाकडे हे कागदावर लिहून घ्यावं. काम ललित कलेच्या विद्यार्थ्यांना द्यावं, कमी बोलीच्या ठेकेदाराला नव्हे. एवढं जमणार नसेल, तर भिंतीला साधा चुना लावावा.

– एक मराठी वाचक, जबलपूर