दह्याची वाटी आणि लिव्हरची चरबी

सोनोग्राफी पित्ताशयातल्या खड्यांसाठी असो की साध्या पोटदुखीसाठी, अहवालात ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ ही ओळ हल्ली सर्रास दिसते. ज्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही तो हे वाचून गडबडतो. रोजे ठेवणाऱ्या घरात तर त्या कागदाची घडी लगेच घातली जाते, कोणी भलताच अर्थ काढू नये म्हणून. खरे तर साखर, तळण, वाढलेले पोट आणि मधुमेह एवढे या आजाराला पुरेसे आहे. डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2023 मध्ये त्याचे नावच बदलले आणि चयापचयातल्या बिघाडाचा त्यात स्पष्ट उल्लेख केला. केंद्र सरकारने 2021 मध्येच तो मधुमेह, रक्तदाब यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. दहापैकी एक ते तीन जणांना तो असू शकतो, असे सरकारच सांगते.

एवढे गिऱ्हाईक असल्यावर बाजार मागे कसा राहील? रमजानमध्ये पोटाच्या तक्रारी वाढतात, आणि ‘पोटासाठी आणि लिव्हरसाठीही’ म्हणून प्रोबायोटिकच्या कॅप्सूल हातोहात खपतात.

यामागची कल्पना खोटी नाही. आतड्यातून निघणारे रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतातच जाते. आतड्याचे अस्तर कमकुवत झाले की जंतूंचे घातक अंश त्याच वाटेने तिथे पोहोचतात आणि दाह वाढवतात. मग चांगले जंतू पोटात सोडले तर यकृत सुधारेल, असे वाटणे साहजिक आहे. काही छोट्या, दोन-तीन महिन्यांच्या चाचण्यांत रक्तातली एन्झाइमची पातळी थोडी खाली आलीही.

पण एन्झाइम उतरले म्हणजे चरबी उतरली असे नव्हे. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील संशोधकांनी 104 रुग्णांवर 10 ते 14 महिने प्रयोग केला. निम्म्यांना बायफिडोबॅक्टेरियम जंतू आणि त्यांचे खाद्य असलेले तंतू दिले, निम्म्यांना दिसायला तसेच पण निष्क्रिय मिश्रण. निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. आतड्यातले जंतू बदलले, यकृतातली चरबी मात्र दुसऱ्या गटापेक्षा कमी झाली नाही. व्रणांच्या खुणाही तशाच राहिल्या. युरोपातील तज्ज्ञ संघटनांनी 2024 च्या सूचनांत अशा पूरक उत्पादनांची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले आहे. पुढे एखादा नेमका जंतू कामाला येईलही; आज दुकानात मिळतो तो औषध म्हणून सिद्ध झालेला नाही.

म्हणून सहेरीतली दह्याची वाटी बाजूला सारायचे कारण नाही. दही पोटभरीचे अन्न आहे, तेवढ्याच मानाने ते खावे. गोड लस्सी त्या हिशेबात बसत नाही.

वजनाचा पुरावा मात्र भक्कम आहे. पाच टक्के वजन उतरले तरी यकृतातली चरबी कमी होते. सात ते दहा टक्क्यांनी दाहही ओसरतो. ऐंशी किलोच्या माणसाला हे चार ते आठ किलो झाले. रोज्याने ते आपोआप होईल, असा अनेकांचा समज असतो. महिनाभरात वजन थोडे उतरते खरे, पण बहुतेकांचे ते ईदनंतर काही आठवड्यांत परत येते. आणि दिवसभराच्या संयमानंतर इफ्तारच्या दस्तरखानावर काय असते? खजूर आणि फळे ठीक. मग भजी, समोसे, लालभडक सरबताचे दोन-तीन ग्लास, तरावीहनंतर पुन्हा काही गोड. कॅप्सूल यातले काय धुऊन काढणार?

घडी घातलेला तो कागद ईदनंतर तरी उघडायला हवा. वय, दोन लिव्हर एन्झाइम आणि प्लेटलेटची संख्या यांवरून ‘फिब-फोर’ नावाचा आकडा निघतो. यकृतात व्रण होत असण्याचा धोका किती, याचा पहिला अंदाज त्यातून येतो. त्यासाठी साधी रक्ततपासणी पुरते. मधुमेह असलेल्यांनी ती टाळू नये. ज्यांना सिरोसिस झाला आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांनी जिवंत जंतूंची कॅप्सूलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.